घोटा मुरगळल्यावर ब्रेस: कोणता घ्यावा, कसा बांधावा, कधी सोडावा

सोलापुरात घोटा मुरगळायला मोठं निमित्त लागत नाही. लूमच्या कारखान्यात खाली पडलेल्या कांडीवर पाऊल पडतं, मैदानावर चेंडूमागे पळताना पाय आत वळतो, कोजागरीला तुळजापूरला चालत जाताना अंधारात डांबराची कड सुटते. दुसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये जातं आणि "घोट्याचा पट्टा द्या" म्हणून समोर येईल तो घेऊन येतं. तो एक तर सैल होतो, नाहीतर इतका आवळतो की संध्याकाळपर्यंत बोटं बधिर होतात. दुखणं कमी झालं की पट्टा कपाटात जातो आणि काही महिन्यांनी तोच पाय पुन्हा त्याच जागी मुरगळतो.

यात दोष पट्ट्याचा कमी आणि समजुतीचा जास्त. ब्रेस म्हणजे पाय जखडून ठेवायचं साधन, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर दुखावलेल्या पायाने लवकर आणि सरळ चालता यावं म्हणून तो बांधायचा असतो. पलंगावर पडून राहणाऱ्याला ब्रेसचा फारसा उपयोग नाही. त्याचं काम पाय जमिनीवर टेकल्यावर सुरू होतं.

आधी हाड शाबूत आहे का ते बघा

ब्रेस विकत घेण्याआधी ही तपासणी. कॅनडातल्या ओटावा शहरात डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही सोपे नियम मांडले आणि आजही जगभरच्या अपघात विभागांत ते वापरतात. घरच्या घरी अंदाज घ्यायलाही ते चांगले आहेत.

घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे असतात. त्यांच्या टोकावर, आणि टोकापासून वर सुमारे ६ सेंटीमीटरपर्यंत हाडाच्या मागच्या कडेवर, बोटाने दाबत जा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत साधारण मध्यावर जो टेंगळासारखा भाग लागतो तो दाबा. आतल्या बाजूला कमानीच्या वर असलेलं हाडही दाबून बघा. यांपैकी कुठेही हाडावर नेमकं दुखलं तर एक्स-रे काढायचा. मुरगळल्यावर लगेचही चार पावलं टाकता आली नसतील आणि आताही येत नसतील, तरी एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेलं पाऊल इथे पाऊलच धरतात.

लहान मुलं, वयस्कर माणसं आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेले यांच्या बाबतीत या घरगुती तपासणीवर विसंबू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा. पाऊल वाकडं दिसत असेल, कातडी फाटली असेल, पाय थंड किंवा पांढरा पडला असेल तर घरी काहीच न बांधता थेट सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल गाठा.

आणखी एक प्रकार हमखास नजरेतून सुटतो. दुखणं घोट्याच्या बाजूला नसून वर, समोरून नडगीकडे जात असेल आणि पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबल्यावर खाली घोट्यात कळ येत असेल, तर नडगीच्या दोन हाडांना जोडणारा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा, दुखावलेला असू शकतो. त्याला बरं व्हायला नेहमीच्या मुरगळीपेक्षा बराच वेळ लागतो आणि दुकानातला साधा ब्रेस पुरत नाही.

नेमकं काय दुखावलं आहे

पाय बहुतेक वेळा आत वळून मुरगळतो, म्हणून मार बाहेरच्या बाजूला बसतो. तिथे तीन लिगामेंट आहेत आणि त्यांतला पुढचा सगळ्यात आधी ताणला जातो. नुसता ताणला असेल तर पहिली श्रेणी, अर्धवट फाटला तर दुसरी, पूर्ण तुटला तर तिसरी. पहिल्या श्रेणीत माणूस एक ते तीन आठवड्यांत रोजच्या कामाला लागतो, दुसरीत साधारण तीन ते सहा आठवडे जातात, तिसरीत काही महिने. सूज किती आली यावरून श्रेणी ठरवू नका. अंड्याएवढी सूज असूनही पहिली श्रेणी निघते.

पहिले दोन-तीन दिवस

टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, दिवसातून तीन-चार वेळा. आपला सोलापुरी टॉवेल ओला करून पिळला की या कामाला उत्तम. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून घोट्याच्या वर चार बोटं जाईपर्यंत बांधा. खाली थोडं घट्ट, वर जाताना सैल.

बर्फाबद्दल हल्ली मतभेद आहेत. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकडी १९७८ मध्ये रूढ करणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे बर्फ आणि पूर्ण विश्रांतीबद्दलचं आपलं मत बदललं. माझं म्हणणं असं, की दुखणं कमी करायला बर्फ चांगला, तेवढ्यासाठी वापरा. त्याने लिगामेंट लवकर जुळतो असं समजू नका.

मालिश मात्र नाही. "अमुक ठिकाणी पाय ओढून देतात, लगेच बसतो" हा सल्ला तुम्हाला किमान तीन जण देतील. ताज्या फाटलेल्या लिगामेंटला ओढलं तर तो आणखी फाटतो, आणि हाड मोडलेलं असेल तर जागचं हलतं. शेकही पहिल्या दोन-तीन दिवसांत नको. आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल तर तो पूर्ण धुऊन, पाय कोरडा केल्याशिवाय वरून पट्टा बांधू नका. लेप आणि घाम एकत्र कोंडले की कातडी सोलते.

कोणता ब्रेस घ्यावा

दुकानात साधारण चार प्रकार दिसतात.

मोज्यासारखा चढवायचा इलॅस्टिकचा पट्टा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त खपणारा. तो सुजेवर हलका दाब देतो, उबदार वाटतं, पाय 'धरल्यासारखा' वाटतो. पण पाऊल आत वळायला लागलं तर त्याला रोखायची ताकद या कापडात नसते. किरकोळ लचकेला किंवा अगदी शेवटच्या टप्प्यात ठीक. ताज्या मुरगळीत तर तो सुजलेल्या पावलावरून ओढून चढवणं हीच एक शिक्षा.

लेस किंवा व्हेल्क्रोचा, वरून इंग्रजी आठच्या आकारात फिरणाऱ्या दोन पट्ट्यांचा ब्रेस हा बहुतेकांसाठी योग्य. सूज उतरत जाईल तसा तो आवळता येतो, बुटात मावतो आणि पाऊल वर-खाली होऊ देऊन आत वळणं रोखतो. एकच ब्रेस घ्यायचा असेल तर मी हाच घ्यायला सांगते.

दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या आणि आत हवेची किंवा फोमची गादी असलेला ब्रेस दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या दुखापतीत पहिल्या काही आठवड्यांसाठी चांगला. आधार भक्कम मिळतो, पण बूट थोडा मोठा लागतो. काहींमध्ये डावा-उजवा वेगळा असतो, विकत घेताना बघून घ्या.

चौथा, गुडघ्याखालपर्यंत येणारा चालण्याचा बूट. तो डॉक्टरांनी लिहून दिला तरच.

कापडाकडे लक्ष द्या. जाड रबरी निओप्रीन पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात चालून जाईल. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना सोलापुरात तो दिवसभर घालणं म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. जाळीदार किंवा सुती-नायलॉन कापडाचा शोधा.

माप आणि पादत्राण

चपलेचा नंबर सांगून ब्रेस आणू नका. बहुतेक कंपन्या घोट्याच्या उंचवट्यांच्या किंचित वरचा घेर मागतात, काही टाचेपासून पावलाच्या वरच्या भागावरून फिरवलेला घेर मागतात. नेमकं कुठलं माप हवं ते खोक्यावर चित्रात दाखवलेलं असतं. शिवणकामाची टेप घ्या, पायात मोजा घालून, पाय जमिनीवर टेकवून माप घ्या. दोन साइजच्या मध्ये आलात आणि सूज अजून असेल तर मोठा घ्या.

आपल्याकडची खरी अडचण मात्र पादत्राणाची. अर्धं सोलापूर चपलेवर फिरतं. चपलेत ब्रेस घातला की टाच घसरते, अंगठ्याचा पट्टा बसत नाही आणि पाय मुरगळण्याची शक्यता उलट वाढते. लेसचा, टाच घट्ट धरणारा बूट हवा. जागा कमी पडत असेल तर आतला सुटा तळवा काढून टाका. मागे पट्टा असलेला सँडल ही दुसरी निवड. ब्रेस घ्यायला जाल तेव्हा रोजचा बूट सोबत न्या आणि दुकानातच दोन्ही घालून चालून बघा. घरात अनवाणी वावरत असाल तर लक्षात ठेवा, ब्रेसचं कापड गुळगुळीत फरशीवर सरकतं. घरात वापरायला वेगळा स्वच्छ बूट ठेवलात तर आईला किंवा सासूबाईंना आधी कारण समजावून सांगा.

बांधायची पद्धत

१. खुर्चीवर बसा. घोट्याच्या वर चार बोटं येईल असा सुती मोजा घाला, सुरकुती राहू देऊ नका. सुरकुतीच्या जागी संध्याकाळी फोड येतो.

२. ब्रेस पूर्ण सैल करून पाऊल आत घाला. टाच शेवटपर्यंत मागे बसली पाहिजे. टाच जमिनीवर हलकेच आपटली की बसते.

३. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा. बोटं खाली झुकलेली असताना बांधलेला ब्रेस उभं राहिल्यावर समोरून रुततो. बहुतेकांचं इथेच चुकतं.

४. लेस बोटांकडून वर आवळत या. वरच्या टोकाला ओढून गाठ मारली तर खालचा भाग सैलच राहतो.

५. आता आठच्या आकाराचे पट्टे. एक पट्टा पावलावरून तळव्याखाली जाऊन बाहेरच्या बाजूने वर येतो. पाय आत वळून मुरगळला असेल तर हाच महत्त्वाचा. तो वर ओढताना पाऊल किंचित बाहेर कलल्यासारखं वाटलं पाहिजे. दुसरा पट्टा उलट दिशेने, थोड्या कमी ताणाने.

६. वरचा आडवा पट्टा शेवटी, सगळ्यांची टोकं झाकून.

७. अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. वरच्या कडेतून एक बोट आत जायला हवं. मुंग्या, बधिरपणा, ठणका यांपैकी काही असेल तर सोडून पुन्हा बांधा.

खोलीत एक-दोन फेऱ्या मारल्या की कापड बसतं आणि पट्टे सैल होतात, तेव्हा पुन्हा एकदा ओढून घ्या.

किती वेळ घालायचा

उभं राहणं, चालणं, जिना आणि काम या वेळी घाला. आंघोळ, झोप आणि व्यायामाच्या वेळी काढा. डॉक्टरांनी रात्रीही घालायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिवसाचा बहुतेक वेळ तो पायात राहील. दर तीन-चार तासांनी काढून कातडी बघा. मधुमेह असेल तर हे टाळूच नका आणि तळवा आरशात बघा, कारण फोड आला तरी तुम्हाला दुखणार नाही.

बसण्याबद्दल कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. मांडी घालून बसलं की घोट्याचा बाहेरचा उंचवटा जमिनीवर दाबला जातो आणि पाऊल आत वळतं, म्हणजे ज्या दिशेने दुखापत झाली त्याच दिशेने लिगामेंट तासन्‌तास ताणलेला राहतो. ब्रेस घालून मांडी घातली तर प्लास्टिकची पट्टी हाडावर रुतते ते वेगळंच. सोलापुरात हजारो बाया विड्या वळायला अशाच बसतात. मावशी, पहिले तीन-चार आठवडे सूप मांडीवर घेऊन खुर्चीत किंवा उंच पाटावर बसा आणि दुखरा पाय पुढे सरळ ठेवा. अगदीच जमिनीवर बसावं लागलं तर घोट्याखाली चादरीची घडी ठेवा आणि मधूनमधून पाय मोकळा करा. पंगत आणि भजन यांनाही तेच लागू. नमाज पढणाऱ्यांनी तेवढे दिवस खुर्चीवर बसून पढावी. देशी संडासात उकिडवं बसायला घोटा बराच वाकावा लागतो, म्हणून कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा, तीही मिळाली नाही तर भिंतीला धरायला कडी तरी बसवून घ्या.

मोटारसायकलवाल्यांसाठी: डावा पाय दुखावला असेल तर ब्रेस घालून गिअर वर उचलणं अवघड जातं आणि सिग्नलला गाडी तोलायलाही बहुतेकांचा डावाच पाय टेकतो. उजवा असेल तर मागचा ब्रेक आणि किक. गिअरची गाडी लंगडणं थांबेपर्यंत दुसऱ्याला चालवू द्या.

ब्रेस एक दिवसाआड साध्या साबणाने, कोमट पाण्यात धुवा. धुण्याआधी व्हेल्क्रो बंद करा, नाहीतर त्यात धागे अडकून तो चिकटेनासा होतो. सावलीत वाळवा. आपलं ऊन त्याचं इलॅस्टिक एका उन्हाळ्यात मारतं.

ब्रेस काढून करायचे व्यायाम

हे केले नाहीत तर ब्रेसचे पैसे निम्मे वाया गेले असं समजा. मुरगळल्यावर घोट्याची तोल सांभाळायची सवय बिघडते. पाय वळायला लागला हे मेंदूला उशिरा कळतं. ब्रेस तेवढ्यापुरतं धरून ठेवतो, पण सवय परत आणतो तो व्यायाम. नियम एकच: व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनच्या पुढे जाऊ नये आणि सकाळपर्यंत ते आधीच्या पातळीवर आलेलं असावं.

पहिल्या आठवड्यात, कळ सोसेल तसं, पाय लोंबता ठेवून अंगठ्याने हवेत मुळाक्षरं लिहा. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा. मग पाय लांब करून बसा, टॉवेल तळव्याच्या पुढच्या भागाला अडकवून अंगाकडे ओढा, तीस सेकंद धरा, तीनदा करा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताकद. सायकलची जुनी ट्यूब पलंगाच्या पायाला बांधून पावलाने बाहेरच्या बाजूला ओढा, दहा-दहाचे तीन फेर. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला, जमलं की एकाच पायावर. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा प्रयत्न करा आणि दोन्ही पायांत किती फरक आहे ते बघा. उकिडवं बसणं परत जमवायचं असेल तर हा व्यायाम सर्वात कामाचा.

त्यानंतर तोल. दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभं राहा, आधी भिंतीजवळ, मग हात सोडून, मग डोळे मिटून. सहज जमू लागलं की चादरीची चौपदरी घडी करून तिच्यावर. दात घासताना करा, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागत नाही. तोलाचे व्यायाम दुखणं गेल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवा.

कधी सोडायचा

एकदम नाही. सपाट जमिनीवर न लंगडता चालता येऊ लागलं की आधी घरात काढा, मग ओळखीच्या रस्त्यावर, मग बाजारात. बुधवार पेठ किंवा नवी पेठेतली गर्दी, खडबडीत वाट आणि जिने यांसाठी आणखी काही आठवडे बांधा.

खेळाडूंचा हिशेब वेगळा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते आणि खेळताना ब्रेस घातल्याने ती चांगलीच कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून खेळताना सहा महिने ते वर्षभर घालावा. "सवय लागली तर पाय कमजोर होईल" ही भीती व्यायाम चालू असेल तर निराधार आहे. मैदानात उतरण्याआधी एका पायावर पुढे आणि बाजूला उड्या मारून बघा. दोन्ही पायांत फरक जाणवत असेल तर सामना सोडा. मातीवर अनवाणी खो-खो किंवा कबड्डी खेळणाऱ्यांनी कठीण प्लास्टिकचा ब्रेस टाळावा, समोरच्यालाही लागतो.

आणि तुळजापूर. सुमारे ४५ किलोमीटर, बऱ्याच जणांचं अनवाणी. दुसऱ्या श्रेणीची मुरगळ होऊन तीन महिने झाले नसतील तर यंदा एसटीने जावं, देवी समजून घेईल. पहिल्या श्रेणीतून पूर्ण बरे झाला असाल तर आधी दोन-तीन आठवडे ब्रेस आणि बुटासह दहा-बारा किलोमीटर चालून बघा. दुसऱ्या दिवशी सूज आली नाही, तरच निघा.

पुन्हा कधी दाखवायचं

आठवडाभरात पायावर भार घेता आला नाही, किंवा सहा आठवड्यांनंतरही सूज आणि कळ तशीच असेल, तर पुन्हा तपासणी. घोट्याच्या आत काहीतरी अडकल्यासारखं होत असेल, तर कूर्चेला मार बसलेला असू शकतो. सपाट रस्त्यावरही पाय अचानक दगा देत असेल, तर नवा ब्रेस घेण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका, १०८ ला फोन करा.